आमच्या आई आणि सरकार

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणाजवळ बोलायचं नाही, असं आईंनी बजावलंय. वहीजवळ बोललेलं चालत असावं.

नव्या इस्पितळाची लिफ्ट आमच्या कंपनीने बसवली. आमची म्हणजे सासूबाईंची. मी त्यांना आईच म्हणते. सासरे गेले तेव्हा कंपनी म्हणजे एक गाळा आणि मूठभर मेकॅनिक एवढाच पसारा होता. पुढचं सगळं आईंनी उभं केलं. त्यांनी आजवर घेतलेलं हे सगळ्यांत मोठं काम, त्यामुळे उद्घाटनाला धंद्यातली झाडून सगळी मंडळी हजर होती. सरकारही होते.

सरकार हे त्यांचं नाव नाही. शहरातल्या निम्म्याअधिक इमारतींत त्यांच्या लिफ्टा आहेत, म्हणून सगळे त्यांना सरकार म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. ते आणि माझे सासरे तरुणपणी एकाच कारखान्यात फिटर होते. त्या ओळखीवर अजूनही ते आईंना 'वहिनी' म्हणतात.

पहिल्या फेरीत सरकार, इस्पितळाचे मोठे डॉक्टर, आणखी दोन पाहुणे आणि घरचं माणूस म्हणून मी. दोन मजल्यांच्या मध्ये असताना सरकार हसत हसत म्हणाले, "बघू तरी, वहिनींची दारं किती पक्की आहेत," आणि त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली. बाहेर काढेपर्यंत डॉक्टरांना घाम फुटला होता. एका पाहुण्यांना तर खुर्चीत बसवून वारा घालावा लागला.

आणि मग भाषणात सरकारांनी माइक हातात घेऊन सांगितलं, "आमच्या वहिनींच्या हातचा चहा एक नंबर. लिफ्टचं मात्र त्यांनी मनावर घेऊ नये." सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेत आई बसल्या होत्या, त्याही हसल्या. मी उठणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "बस," एवढंच म्हणाल्या.

गाडीत मी सगळं सांगितलं. हे चिडून लाल झाले. आई मात्र म्हणाल्या, "दार ओढलं की लिफ्ट थांबायलाच हवी. थांबली. म्हणजे आपलं काम चोख आहे."

"मग सांगूया ना हे सगळ्यांना," मी म्हटलं.

"आज सांगितलंस तर ती सबब वाटेल."

घरी येऊन त्यांनी साडी बदलली, घडी घातली आणि जेवायला बसल्या. रोजच्याइतकंच जेवल्या. मी माझं ताट तसंच उचललं. या बाईचं काळीज कशाचं आहे?

२६ फेब्रुवारी

माइकवरचा विनोद शहरभर फिरलाय. तीन सोसायट्यांनी कामं काढून घेतली. इस्पितळाने दुसरी लिफ्ट सरकारांना दिली.

त्याहून वाईट म्हणजे उस्ताद गेले. उस्ताद आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक, सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेले. सरकारांनी त्यांना जास्त पगाराचं आमिष दाखवून उचललं. निरोप घ्यायला आले तेव्हा मान वर करत नव्हते. म्हणाले, "बाई, पोरीचं लग्न काढलंय."

आई म्हणाल्या, "मग जायलाच हवं. तिथे नाही रुळलात तर परत या. लाजू नका."

उस्ताद डोळे पुसत जिना उतरले. हे म्हणाले, "आई, तू त्याला चार शब्द तरी सुनावायचे होतेस." आई म्हणाल्या, "त्याने माझं काय घेतलंय? घेतलंय ते दुसऱ्याने."

८ मार्च

पगार वेळेवर व्हावेत म्हणून गाडी विकली. आता आम्ही तिघंही बसने ऑफिसात जातो. आई बसमध्ये खिडकीशी बसून इमारती बघतात. मला वाटायचं, त्यांना बाहेर बघायला आवडतं. आज लक्षात आलं, त्या प्रत्येक इमारतीपाशी हलक्या आवाजात पुटपुटत असतात, "सरकार. सरकार. आपली. सरकार."

मला त्यांनी तक्रारींच्या फोनवर बसवलंय. बालवाडीत शिकवायचे तेव्हा रडणारी मुलं गप्प करण्यात माझा हातखंडा होता. लिफ्टमध्ये अडकलेली मोठी माणसं काही फार वेगळी नसतात. फक्त ती आपल्या हुद्द्याची जाणीव करून देत रडतात.

१७ एप्रिल

दुपारी फोन आला. एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकलेले. पत्ता लिहिता लिहिता मी थांबले. ती इमारत आमच्याकडून सरकारांकडे गेलेली. म्हणाले, "त्यांचा फोन कुणी उचलत नाही हो. तुमचा नंबर जुन्या डायरीत होता."

मी आईंना विचारलं, काय सांगू? लिफ्ट सरकारांची आहे.

"आत माणूस आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग लिफ्ट कुणाची ते काय विचारतेस?"

आमचे दोघे मेकॅनिक धावले. मी तोवर आजोबांना बोलतं ठेवलं. सुटल्यावर ते पैसे द्यायला लागले. आईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, एक पैसा घ्यायचा नाही, माणसाला बाहेर काढायचं आणि यायचं. त्यांच्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि सरकारांबद्दल वाईट शब्द काढायचा नाही.

ज्याने आपला भर सभेत पाणउतारा केला, त्याच्या गिऱ्हाइकासाठी स्वतःची माणसं पाठवायची. मला नसतं जमलं. बसमध्ये मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "म्हातारे कितव्या मजल्यावर राहतात गं? सोसायटीचे सेक्रेटरी तेच का?"

तेच निघाले. आईंना कसं कळलं कोण जाणे.

५ जून

असे फोन आता वरचेवर येतात. सरकारांनी मोठमोठ्या टॉवरांची कामं अंगावर घेतली आहेत. तिथे माणसं लागतात, म्हणून जुन्या इमारतींकडे फिरकायला कुणी उरलेलं नाही. आमची माणसं जातात, सोडवतात, येतात.

आईंनी मेकॅनिकांसाठी नवे शर्ट शिवले. हळदीसारखे पिवळेजर्द, आणि पाठीवर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून वाचता यावं. हे म्हणाले, "आई, जरा भडक नाहीत का?" आई म्हणाल्या, "अंधाऱ्या शाफ्टमध्ये काम करतात. दिसायला हवेत." माणसांच्या जिवाची एवढी काळजी घेणारी मालकीण मी दुसरी पाहिली नाही.

२१ जुलै

आजचा दिवस विसरणं शक्य नाही.

बारा वाजायच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला, पण जपून बोलत होत्या. लिफ्ट अडकली आहे, दिवा गेला आहे, मिस्टर परगावी आहेत, ड्रायव्हर खाली आहे पण त्याला हाक ऐकू जात नाही. मी म्हटलं, "काकू, आधी खाली बसा. पाठ भिंतीला टेका." बसल्या. मग मी त्यांना घरातल्या झाडांबद्दल विचारत राहिले. झाडांबद्दल बोलताना त्यांचा श्वास जरा जाग्यावर आला.

पत्ता विचारला तर थांबल्या. मग सांगितला. मी लिहून घेतला आणि आईंपुढे ठेवला.

आईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. "हा सरकारांचा बंगला आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वतःच्या घरची, स्वतःच्या कंपनीची लिफ्ट. आत त्यांची बायको. आणि त्यांच्याच ऑफिसात फोन उचलायला कुणी नाही.

आई स्वतः निघाल्या. मलाही बरोबर घेतलं, मोबाइलवर काकूंशी बोलत राहा म्हणाल्या. आमची व्हॅन मागच्या फाटकाशी थांबत होती. आई म्हणाल्या, "पुढे घे. मागे चिखल असेल." पुढचं फाटक म्हणजे भर बाजाराचा रस्ता. पिवळे शर्ट एकामागून एक आत गेले. समोर धंद्यातल्या दोन जणांची दुकानं आहेत, ते दारात येऊन बघत उभे राहिले.

दार उघडलं तेव्हा काकू जमिनीवरच बसल्या होत्या. साडीचा पदर घामाने भिजलेला. आई आत शिरल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. काकूंनी त्यांना ओळखलं. रडायलाच लागल्या. "तुम्ही कशाला आलात," असं म्हणत होत्या. "ते तुम्हाला एवढं बोलले." आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईंचे डोळे भरून आले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

निघताना काकू म्हणाल्या, "ह्यांना कळू देऊ नका." आईंनी शब्द दिला.

२६ जुलै

शहरभर झालं. "सरकारांची बायको सरकारांच्याच लिफ्टमध्ये, आणि सोडवायला कोण, तर वहिनी." काल बसमध्ये दोन अनोळखी माणसं हेच बोलून हसत होती.

बातमी कशी फुटली कुणास ठाऊक. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलेलं नाही, आईंनी तर घरीसुद्धा विषय काढू दिला नाही. मला सारखं ते पुढचं फाटक आठवतं. मागे चिखल नव्हता. आम्ही निघताना मी पाहिलं होतं, कोरडं होतं. पण आईंना कुठून ठाऊक असणार? पावसाचे दिवस आहेत. मी उगाच नको ते डोक्यात आणते.

३० ऑगस्ट

रांग लागलीय. सोसायट्यांचे सेक्रेटरी स्वतः ऑफिसात येतात. पहिले आले ते एप्रिलमधले आजोबा. आई एकालाही 'या' म्हणायला गेल्या नव्हत्या. येणाऱ्याला त्या आधी विचारतात, "सरकारांना कळवलंत का? त्यांना रीतसर सांगा, मग या." ही गोष्ट बाहेर जाऊन माणसं कौतुकाने सांगतात, आणि त्यातून आणखी माणसं येतात.

हे म्हणाले, "आई, तू जाहिरातीवर दमडी खर्च केली नाहीस."

आई म्हणाल्या, "कशाला करायची?"

इस्पितळाचे मोठे डॉक्टरही आले. चक्क माफी मागितली. त्यांच्या लक्षात होतं दार कुणी ओढलं ते. म्हणाले, "मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं." आईंनी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, खूश होतील.

१२ ऑक्टोबर

उस्ताद परतले. तिकडे पगार थकलेत. एका टॉवरचं काम अर्धवट पडलंय, बँकेची माणसं सरकारांच्या केबिनमध्ये बसून असतात म्हणे. उस्ताद दारातच उभे राहिले. आईंनी वर न बघता विचारलं, "मुलीचं लग्न नीट पार पडलं?" ते म्हणाले, हो. "मग शर्ट घ्या. तुमच्या मापाचा शिवून ठेवलाय."

जूनमध्येच शिवला होता तो. मी कपाटात पाहिला होता, आणि एवढा मोठा कुणाचा म्हणून हसलेही होते.

३ नोव्हेंबर

सरकारांची कंपनी आई घेणार. सरकारांना विकण्यावाचून गत्यंतर नाही आणि दुसरं कुणी पुढे येत नाही. बोलणी वकिलांमार्फत झाली. उद्या सरकार स्वतः सह्यांसाठी आमच्या ऑफिसात येणार आहेत. वकील म्हणत होते, कुठेतरी मध्यावर भेटू, हॉटेलात वगैरे. आई म्हणाल्या, "नको. इथेच."

एक अट आईंनी सोडलेली नाही. सरकारांचं नाव जाणार. जुन्या-नव्या सगळ्या लिफ्टांवरची पितळी पाटी उतरेल आणि आमची लागेल. हे म्हणाले, "एवढं कशाला? म्हातारा माणूस आहे, जुन्यांवरचं राहू दे." आईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. हे उठून गेले.

खरं लिहायचं तर मला हे आवडलं. माणसाने सोसावं, पण कधीतरी वसूलही करावं.

४ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

आज सकाळीच आमच्या इमारतीतली लिफ्ट तपासणीसाठी बंद झाली. नेमकी आज. आमचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. मी उस्तादांना म्हटलं, सरकार येणार आहेत, उद्या केली असती तर? उस्ताद माझी नजर चुकवत म्हणाले, "बाईंनी आजच सांगितलीय."

सरकार अकराला आले. खिडकीतून दिसले. बरोबर कुणी नव्हतं. खालच्या 'तपासणीसाठी लिफ्ट बंद' या पाटीपाशी थांबले, वर बघितलं आणि जिन्याकडे वळले.

आईंनी केबिनचं दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. जिन्यातला आवाज स्पष्ट ऐकू येत होता. बुटांचा, मग काठीचा. सरकार काठी घेऊन चालतात हे मला माहीतच नव्हतं. पहिला मजला, दुसरा. तिसऱ्यावर आवाज थांबला. खोकल्याची उबळ आली. मी पाण्याची बाटली घेऊन उठले.

"जाऊ नकोस," आई म्हणाल्या.

मी बसले. दमलेल्या माणसाला कुणी तशा अवस्थेत बघू नये, असं त्यांना वाटलं असणार. किती बारीक विचार. पण स्वतः त्या टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावून बसल्या होत्या, आणि बोटं पांढरी पडली होती. पुन्हा पावलं सुरू झाली. पुन्हा थांबली. हे म्हणाले, "आई, मी जातो." आईंनी मानेनेच नाही म्हटलं.

ते दारात आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. आईंनी उठून स्वतःची खुर्ची दिली. सरकारांचा श्वास हळूहळू बसला. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे:

"वहिनी, एक सांगू? खाली पाटी वाचली आणि मनात म्हटलं, बघा, मी येणार म्हणून बाईंनी तपासणी पुढे नाही ढकलली. कंपनी ताब्यात येण्याचा दिवस, समोर मी, तरी कामाचं वेळापत्रक मोडलं नाही. मी असतो तर मोडलं असतं. मी नेहमी मोडलं. म्हणून मी आज या खुर्चीत पाहुणा आहे." त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "पाचही मजले हाच विचार करत आलो. तुमच्या हातात जातंय, चांगलं आहे."

आईंच्या हातात पेन होतं. ते तसंच राहिलं.

वकिलांनी कागद पुढे सरकवले. सरकारांनी एकही अट वाचली नाही, नुसत्या सह्या करत गेले. पाट्यांच्या अटीपाशी आले तेव्हा आई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी तो कागद ओढून घेतला, दोन ओळी खोडल्या, काही लिहिलं. "जुन्या लिफ्टांवरचं तुमचं नाव राहील," त्या म्हणाल्या. "कामगारांपैकी कुणालाही काढणार नाही. आणि घरच्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे."

सरकारांनी मान खाली घातली. त्यांची हनुवटी हलत होती. "हिला फार बरं वाटेल," ते म्हणाले. "तुमचं नाव काढते ती रोज. तुम्ही शेजारी येऊन बसलात म्हणून."

मी आईंकडे बघितलं. इतक्या महिन्यांचं वैर संपलं, माणूस समोर असा नमला, तरी या बाईच्या तोंडावर विजयाची एक रेघ नाही. उलट कुणी थोबाडीत मारावी तशा दिसत होत्या. एवढं मोठं मन मी कुठे आणायचं?

सह्या झाल्यावर आई म्हणाल्या, "उस्ताद, लिफ्ट सुरू करा." उस्तादांनी फक्त खटका दाबला आणि झालं. तपासणी बरोबर त्याच वेळी आटोपली, हेही नशीबच. सरकारांना जिना उतरावा लागला नाही.

आई त्यांना खालपर्यंत सोडायला गेल्या. दोघंच लिफ्टमध्ये शिरले. मी बाहेर उभी राहून दारावरचे आकडे बघत होते. पाच, चार, तीन, दोन, एक. खाली थांबली. बराच वेळ वर आली नाही. मला काळजी वाटायला लागली. बटण दाबलं तर लिफ्ट लगेच आली, पण रिकामी.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, थांबत थांबत. आई कठड्याला धरून वर येत होत्या. तिसऱ्या मजल्यावर टेकल्याही असाव्यात. मी धावत दोन मजले खाली गेले. त्या पायरीवर बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, केस कपाळाला चिकटलेले.

"आई, लिफ्ट सुरू झालीय ना," मी म्हटलं. "जिन्याने कशाला?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"जाऊ नकोस म्हटलं मी तुला," त्या म्हणाल्या. "ऐकायला नको होतंस."

मला नीटसा अर्थ लागला नाही. दमल्या होत्या, म्हणून तसं बोलल्या असतील. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने स्वतःच उठल्या आणि उरलेले मजले चढल्या. मी एक पायरी मागे राहून त्यांच्याबरोबर चालत राहिले.